नवी वही, जुनी बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी वही पूजेत मांडली जाते. पहिल्या पानावर मंगलाक्षरे उमटतात, भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे वीर निर्वाण संवत् सुरू होते. मुहूर्ताचा सौदा लिहिला जातो. परंतु जाणत्या मुनिमाचे खरे काम त्यानंतरचे असते. जुन्या वहीतील प्रत्येक खात्याची बाकी काढायची, ती दोनदा पडताळायची, नव्या वहीत पुढे ओढायची आणि जुनी वही फडक्यात बांधून जपून ठेवायची. वही बदलली म्हणून कुणाचे घेणे बुडत नाही आणि कुणाचे देणे माफ होत नाही.

भोकरच्या मोंढ्यातील बहुतेक पेढ्यांवर ही वही आता संगणकात गेली आहे. नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्याच्या गावी कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांचा व्यवहार चालतो. सौदा अजूनही शब्दावर ठरतो. मात्र शेतकऱ्याची पट्टी संगणकातून निघते, मालाच्या गाडीबरोबरचे ई-वे बिल संगणकावर तयार होते आणि जीएसटीचे विवरणपत्रही तेथूनच भरले जाते. संघाच्या देणग्यांच्या पावत्या, महिला मंडळाची यादी, चातुर्मासातील कार्यक्रमपत्रिका आणि घरातील विवाहसोहळ्यांची छायाचित्रे, हे सारे त्याच एका पेटीत साठवलेले असते. ती पेटी ज्या प्रणालीवर चालते, तीच बदलण्याची वेळ येते, तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. पेढीच्या स्मरणाचा होतो.

काय संपले आणि काय संपले नाही

संगणक सुरू केल्याबरोबर जी मूळ व्यवस्था जागी होते आणि कळफलक, पडदा, प्रिंटर व हिशेबाचा प्रोग्रॅम यांना एकत्र चालवते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. दुकानांतील बहुतेक संगणकांवर ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, थांबवला. यापूर्वीही असे झाले आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता. विंडोज ११ ही पुढील आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे आणि अधिकृत विंडोज १० असलेल्या पात्र संगणकाला ती विनामूल्य मिळते.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला, असा अनेकांचा समज झाला. तसे नाही. विंडोज १० चा संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, पट्टी छापतो आणि फायली उघडतो. थांबते ती दुरुस्ती. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये उणिवा सतत सापडत असतात आणि कंपनी दर महिन्याला त्या बुजवत असते. आधार संपल्यानंतर सापडलेली उणीव मात्र तशीच उघडी राहते. दुकानाचे कुलूप शाबूत आहे. पण त्याची दुसरी किल्ली कुणी बनवली, तर कुलूप बदलून देणारा कारागीर आता येणार नाही, अशी ही अवस्था आहे.

ज्यांना लगेच बदल करणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी कंपनीने घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावा लागतो. संगणकाच्या मांडणीची नोंद त्या खात्यात साठवण्यास मान्यता दिली, तर ही सोय विनामूल्य मिळते. अन्यथा ३० डॉलर किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील १००० गुण द्यावे लागतात. उद्योग व संस्थांसाठी वेगळी सशुल्क योजना आहे. तिचा दर पहिल्या वर्षासाठी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून तो पुढील वर्षी दुप्पट होतो. ही मुदतवाढ तयारीसाठी आहे. उधारीची मुदत वाढली म्हणून देणे फिटत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

न्हावा-शेवापर्यंत आलेली आग

‘आमच्या लहानशा दुकानातील संगणकात कुणाला काय मिळणार?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. २०१७ साली दीड महिन्याच्या अंतराने घडलेल्या दोन घटना या प्रश्नाचे उत्तर देतात.

पहिली घटना १२ मे २०१७ ची. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम एका दिवसात जगभर पसरला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. सुमारे दीडशे देशांतील लाखो संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या उणिवेतून तो आत शिरला, तिची दुरुस्ती कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी ती घेतली, त्यांचे संगणक या मार्गाने येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. ज्यांनी ‘नंतर पाहू’ म्हणून ती पुढे ढकलली, ते अडकले.

दुसरी घटना २७ जून २०१७ ची. ‘नॉटपेट्या’ हा त्याहून विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅममधून पसरला. त्या देशातील व्यापारी कर भरण्यासाठी जो प्रोग्रॅम वापरत, त्याच्याच नव्या आवृत्तीबरोबर हे विष आत आले. युक्रेनमध्ये कार्यालय असलेली मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या जाळ्यातून ते थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोहोचले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे संगणकीकृत कामकाज ठप्प झाले आणि मालाच्या पेट्या अडकून पडल्या. या हल्ल्यात मर्स्कला सुमारे ४००० सर्व्हर आणि ४५००० संगणकांवर पुन्हा प्रणाली बसवावी लागली.

या घटनेचा पुढचा भाग मराठवाड्यातील वाचकाला विशेष भावेल. जगभरातील सर्व संगणकांची ओळखपाळख ज्या मुख्य नोंदीत होती, तिच्या सर्व प्रती मर्स्कने गमावल्या होत्या. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात एक प्रत सुखरूप सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! जाळ्यापासून तुटल्यामुळेच ती प्रत वाचली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. जी प्रत संगणकाला कायम जोडलेली असते, ती संगणकाबरोबरच बुडते. जी वेगळी ठेवलेली असते, तीच उपयोगी पडते.

संगणक पात्र आहे काय?

विंडोज ११ प्रत्येक संगणकावर चालत नाही. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४-बिट प्रोसेसर, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षा घटक आवश्यक आहे. टीपीएम म्हणजे संगणकातील गुप्त किल्ल्या जपणारी छोटी तिजोरी. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा लागतो. ही पिढी नावातील आकड्यावरून ओळखता येते. ‘आय-३ ७१००’ मधील पहिला आकडा सात, म्हणजे सातवी पिढी. तो संगणक पात्र ठरत नाही. ‘आय-३ ८१००’ ठरतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडले की हे नाव दिसते. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्रॅमही संगणक पात्र आहे की नाही, हे सांगतो.

तेथे ‘अपात्र’ असे उत्तर आले, तरी लगेच नवा संगणक घेण्याची घाई करू नये. जुळवून घेतलेल्या अनेक संगणकांत टीपीएमची सोय असते. पण ती कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते. जाणकाराने बायोसमध्ये जाऊन ती चालू केली की तोच संगणक पात्र ठरू शकतो. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र मार्ग उरत नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे काही जण भेटतात. परंतु अशा संगणकाला पुढील दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप करायचा, तीच त्यात संशयात राहते.

प्रत करण्याची जुनी विद्या

प्रणाली बदलण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे प्रत काढणे. जैन समाजाला ही विद्या नवी नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात जुन्या कन्नड लिपीत जपलेली होती. एकाच ठिकाणी असलेले ते ज्ञान आग, ओल किंवा कसर यांपैकी कशानेही नाहीसे होऊ शकले असते. विसाव्या शतकाच्या आगेमागे त्यांच्या प्रती उतरवण्याचे काम झाले, त्यांचे देवनागरीत लिप्यंतर झाले आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापून प्रसिद्ध झाला. ताडपत्राचा कागद झाला, कन्नड लिपीची देवनागरी झाली. परंतु मूळ वचन कायम राहिले. माध्यम बदलताना काय बदलू द्यायचे आणि काय बदलू द्यायचे नाही, याचा हा महाराष्ट्रातील थोर नमुना आहे.

दुकानातील संगणकासाठी जाणकार जो नियम सांगतात, तो याच जातीचा आहे. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घरी, नांदेडच्या नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवता येते. हार्ड डिस्कवर प्रत उतरली की तिची तार काढून ती कपाटात ठेवावी. घानाचा धडा एवढ्यासाठीच आहे.

प्रत काढणे पुरेसे नाही; ती उघडून पाहिली पाहिजे. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे ‘बॅकअप’ घेतलेला असतो आणि गरज पडते त्या दिवशी ती फाईल उघडतच नाही, असा प्रसंग दुर्मीळ नाही. म्हणून ती प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडावी आणि मार्चअखेरची एखादी बाकी त्यात दिसते का, हे पाहावे.

या प्रतीचे मोल कायद्यानेही ठरवले आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ या वर्षाचा हिशेब, ३१ डिसेंबर २०२५ या नियमित मुदतीपासून मोजला, तर २०३१ च्या अखेरीपर्यंत दाखवता आला पाहिजे. ‘संगणक फॉरमॅट केला, त्यात गेले’ हे उत्तर कर अधिकाऱ्यापुढे टिकत नाही.

‘फॉरमॅट मारणे’ आणि बदलणे

येथे एक भेद घरातील प्रत्येकाने समजून घ्यावा. विंडोज ११ दोन रीतींनी बसवता येते. पहिल्या रीतीत चालू विंडोज १० वरच नवी प्रणाली चढवली जाते. फायली आणि बहुतेक प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. दुसऱ्या रीतीत संगणक पुसून कोरा करून सर्व काही नव्याने बसवले जाते. दुरुस्ती करणारे यालाच ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. त्यांना दुसरी रीत अनेकदा सोयीची वाटते. ग्राहकाला ती महाग पडू शकते. ‘सी ड्राइव्ह पुसतो, डी ड्राइव्हमधले सगळे राहील’ असे आश्वासन दिले जाते. परंतु डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फायली, ‘डॉक्युमेंट्स’मधील पत्रे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि पुष्कळदा हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहितीही सी ड्राइव्हमध्येच असते. म्हणून संगणक दुकानात देण्यापूर्वी कोणती रीत वापरली जाणार आहे, हे स्पष्ट विचारावे.

पुसून बसवण्यावाचून गत्यंतर नसते, अशी एक परिस्थिती आहे. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते. जुन्या काळी कमी रॅमच्या संगणकांवर ३२-बिट विंडोज बसवली जात असे आणि पुढे त्याच रूपात ती विंडोज १० झाली. अशा संगणकावर थेट चढण होत नाही. प्रोसेसर पात्र असला तरी प्रणाली नव्यानेच बसवावी लागते.

याच्याच पोटात आणखी एक अडचण आहे. डॉसच्या काळात, फॉक्सप्रोसारख्या साधनांवर तयार करून घेतलेले आडतीचे प्रोग्रॅम काही पेढ्यांवर अजून जपलेले आहेत. चालू हिशेब त्यांत नसला, तरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची खाती त्यांतच असतात. ते १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाहीत. म्हणून बदल करण्यापूर्वीच त्यांतील खतावणी कागदावर छापून घ्यावी किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी. जुना संगणक एकदा पुसला गेला, की ती खाती वाचणारे काही उरत नाही.

हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र अशा स्थित्यंतरांतून जाऊ शकतो, याचे उदाहरण व्यापाऱ्यांच्या ओळखीचेच आहे. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब सांभाळणारा मनाजोगता प्रोग्रॅम मिळेना. तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी तो लिहिला. १९८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या कामातून पुढे बंगळूरुची ‘टॅली’ घडली. तिची पहिली आवृत्ती डॉसवर चालत असे. त्यानंतर विंडोजच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या. जमा-नावे मात्र तेच राहिले. आपल्याकडील आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, परवाना पुन्हा कसा सुरू करायचा आणि माहिती नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे तीन प्रश्न विक्रेत्याला आधीच विचारून उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत.

मराठी अक्षरांची जपणूक

संघाच्या कार्यालयांतील जुन्या पत्रिका, अहवाल आणि सभासदांच्या याद्या बहुधा जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या असतात. युनिकोड सर्वत्र पोहोचण्यापूर्वी मराठीसाठी प्रत्येक कंपनीची वेगळी अक्षररचना असे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि कृतीदेवसारखे फॉन्ट यांवर मराठी मुद्रणाची दोन दशके उभी होती. यांतील अनेक जुन्या रचनांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन चिन्हांचाच असतो. विशिष्ट फॉन्टमुळे तो देवनागरी दिसतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की देणगीदारांच्या नावांऐवजी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, त्याची किल्ली हरवलेली असते. म्हणून फायलींबरोबर फॉन्टचीही प्रत घ्यावी आणि सवडीने महत्त्वाचे कागद युनिकोडमध्ये उतरवावेत. युनिकोडमधील मराठी कोणत्याही संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर सारखीच वाचता येते.

पुढे मराठी लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे. रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळवण्याची ‘फोनेटिक’ सोयही आहे. भाषांच्या यादीत मराठी एकदा जोडली, की विंडोज आणि स्पेस ही दोन बटणे एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जाता येते.

बदलाचा दिवस

हे काम कोणत्या दिवशी करावे, यालाही महत्त्व आहे. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक वाढते, मागोमाग कापूस येतो, नंतर तूर आणि हरभरा. या गर्दीत प्रणालीला हात लावू नये. पेरण्या आटोपल्यावर आषाढ-श्रावणात मोंढा तुलनेने शांत असतो. आडत दुकानांसाठी तो काळ योग्य. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी भरावे लागते. तेव्हा २० तारीख उलटून गेल्यावरचा आठवडा निवडावा.

त्या दिवसाआधी हिशेबाची तेरीज, मालाच्या शिल्लकेचे पत्रक आणि उधारीची यादी छापून घ्यावी. वजनकाटा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी उपलब्ध आहेत का, याची खात्री करावी. बदलानंतर पहिली अडचण येते ती बहुधा येथेच. हिशेब उघडतो, पण पट्टी छापली जात नाही.

नवी प्रणाली उतरवताना अनेक जीबी माहिती इंटरनेटवरून घ्यावी लागते. भ्रमणध्वनीच्या जोडणीवर ते काम रेंगाळते. पुढे संगणक स्वतःच अनेकदा बंद होऊन सुरू होतो. टक्केवारीचा आकडा एकाच जागी बराच वेळ थांबतो आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो. याच क्षणी बटण दाबून संगणक बंद करण्याची चूक घडते. काम अर्ध्यावर तुटले, तर प्रणाली बिघडू शकते. वीज जाण्याची शक्यता धरून इन्व्हर्टर किंवा यूपीएसची बॅटरी आधी तपासावी.

नवा पडदा समोर आला, की सवयीच्या जागा हलल्याचे जाणवते. डाव्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’चे चिन्ह मध्यभागी आलेले असते. माऊसचे उजवे बटण दाबल्यावर येणारी यादी आखूड झालेली असते. उरलेले पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये असतात. तीस वर्षे गादीवर बसून हिशेब पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना यामुळे परकेपणा वाटतो आणि ‘जुनेच बरे होते’ असे त्यांच्या तोंडून निघते. ती तक्रार हसण्यावारी नेऊ नये. टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘स्टार्ट’चे चिन्ह पुन्हा डावीकडे नेता येते आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये अक्षरे मोठी करता येतात. मुलाने किंवा नातवाने शेजारी बसून रोजची चार कामे त्यांच्याच हातून दोनदा करवून घेतली, की आठवड्याभरात हात रुळतो.

बदल अगदीच मानवला नाही, तर पहिल्या १० दिवसांत विंडोज १० वर परत जाण्याचा मार्ग खुला असतो. त्यानंतर जुन्या प्रणालीच्या फायली पुसल्या जातात. म्हणून या १० दिवसांतच सर्व काही वापरून पाहावे : एक पट्टी, एक ई-वे बिल, एक डिजिटल स्वाक्षरी, संघाची एक पावती.

खाते कुणाच्या नावावर?

नवा संगणक घेतल्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खाते विचारले जाते. पुष्कळदा संगणक बसवून देणारा तरुण घाईत स्वतःच्याच ईमेलवर ते खाते जोडून मोकळा होतो. नव्या संगणकांत या खात्याने प्रवेश केला, की अनेकदा संपूर्ण डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. पुढे कधी संगणकाने ती किल्ली मागितली, तर मालकाच्या हाती काहीच नसते. पेढीच्या तिजोरीची किल्ली ज्याप्रमाणे घरातील माणसाकडे राहते, त्याप्रमाणे हे खातेही घरच्याच ईमेलवर असावे. किल्लीचे अंक कागदावर उतरवून महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावेत.

दुसरा गोंधळ ‘वनड्राइव्ह’चा. त्याची सोय चालू झाली, की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधील फायली त्याच्या फोल्डरमध्ये जातात आणि नेहमीच्या ठिकाणी त्या न दिसल्याने घरात कल्लोळ होतो. फायली बहुधा त्या नव्या जागी सुखरूप असतात. मोफत जागा मात्र केवळ ५ जीबी असते. लग्नाच्या छायाचित्रांनी ती लगेच भरते.

अचौर्य आणि अपरिग्रह

या विषयाला श्रावकाच्या व्रतांची बाजूही आहे. अनेक संगणकांवरील विंडोज विनापरवाना असते. पैसे वाचावेत म्हणून ती कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमने चालू केलेली असते. दुसऱ्याच्या श्रमाचे मूल्य न देता ते वापरणे अचौर्य अणुव्रतात बसत नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते घातक आहे, कारण असे कुलूपतोडे प्रोग्रॅम पुष्कळदा स्वतःच चोराला आत घेतात.

अपात्र ठरलेला संगणक टाकून देणे हाही एकमेव मार्ग नव्हे. लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत प्रणाली अनेक जुन्या संगणकांवर चालतात. टॅली त्यांवर थेट चालत नसल्याने पेढीवर त्यांचा उपयोग मर्यादित आहे. परंतु पाठशाळेतील मुलांना टंकलेखन शिकवण्यासाठी किंवा ज्येष्ठांना प्रवचने ऐकण्यासाठी असा संगणक पुष्कळ वर्षे कामी येतो. तो दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातील माहिती नीट पुसावी. केवळ ‘डिलीट’ केलेली फाईल परत मिळवता येते. पूर्ण निकामी यंत्र भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावे. त्यातील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये जमिनीत व पाण्यात उतरली, की सूक्ष्म जीवांपासून माणसापर्यंत सर्वांनाच त्याचा त्रास होतो.

शेवटचे काम

सर्व बदल पूर्ण झाल्यावर एक काम उरते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. आधी छापून ठेवलेली तेरीज समोर घ्यावी, नव्या प्रणालीवर तीच तेरीज पुन्हा काढावी आणि दोन्ही ओळीने ताडून पाहाव्यात. शिल्लक मालाचे आणि उधारीचे आकडेही तसेच पडताळावेत. एका रुपयाचा फरक दिसला, तरी कारण सापडेपर्यंत जुनी प्रत पुसू नये.

यापुढे प्रती तपासण्यासाठी वर्षातला एक दिवस ठरवून घ्यावा. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून त्यांची पूजा करण्याची व त्यांची निगा राखण्याची रीत आहे. त्याच दिवशी कपाटातील हार्ड डिस्क काढावी, संगणकाला जोडावी, त्यातील फायली उघडतात याची खात्री करावी, नवी प्रत उतरवावी आणि तार काढून ती पुन्हा कपाटात ठेवावी.